तांबं चिकटवायचं की गुळगुळीत ठेवायचं?

पुढच्या गाडीचं अंतर मोजून वेळ पडल्यास आपोआप ब्रेक लावणाऱ्या मोटारी आता भारतातही विकल्या जातात. यांतल्या अनेकींच्या बंपरमागे एक छोटं रडार बसवलेलं असतं. ते ७६ ते ८१ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतं. ७७ गिगाहर्ट्झला हवेतली तरंगलांबी ३.९ मिलिमीटर भरते, म्हणून या लहरींना मिलिमीटर लहरी म्हणतात. त्यांची चर्चा निघाली की लोक चिपबद्दल बोलतात, अँटेनाबद्दल बोलतात. ही दोन्ही ज्या पाटीवर बसवलेली असतात, त्या सर्किट बोर्डाकडे कुणी फारसं बघत नाही. खरं तर या वारंवारतेला बोर्ड हाच सर्किटमधला एक घटक होऊन बसतो, आणि तोही लहरीची ऊर्जा खाणारा.

नेहमीचा हिरवा बोर्ड ज्यापासून बनतो त्याला एफआर-४ म्हणतात. काचेच्या धाग्यांचं विणलेलं कापड, त्यात मुरवलेलं इपॉक्सी आणि वर तांब्याचा पातळ पत्रा. स्वस्त, मजबूत, पटकन पेट न घेणारं. अडचण इपॉक्सीच्या रेणूंची आहे. त्यांच्यातल्या काही गटांचं एक टोक किंचित धन, तर दुसरं ऋण असतं. विद्युतक्षेत्राची दिशा बदलली की हे गट तिच्यामागे वळायला बघतात, मागे पडतात आणि या ओढाताणीत लहरीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. एखादा पदार्थ अशी किती ऊर्जा खातो हे सांगणाऱ्या आकड्याला लॉस टॅन्जेंट म्हणतात. एफआर-४चा साधारण ०.०२ असतो.

हा आकडा छोटा वाटतो, पण नुकसान प्रत्येक तरंगलांबीमागे होतं. तरंगलांबी जितकी आखूड, तितक्या जास्त लाटा एका सेंटिमीटरात मावतात. ढोबळ हिशेब मांडला, तर वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झला एफआर-४वर सेंटिमीटरमागे ०.०९ डेसिबल, म्हणजे सुमारे २ टक्के शक्ती जाते. ७७ गिगाहर्ट्झला त्याच सेंटिमीटरात २.९ डेसिबल जातात, म्हणजे जवळपास निम्मी शक्ती. पाच सेंटिमीटरांनंतर तिसाव्या हिश्श्याच्या आसपास उरते. आणि हे फक्त इपॉक्सी-काचेचं खाणं झालं, तांब्याचा हिशेब अजून धरलेलाच नाही. समोरच्या ट्रकवरून परतलेला प्रतिध्वनी आधीच क्षीण असतो. त्याची अशी उधळपट्टी रडारला परवडत नाही.

म्हणून इथे पीटीएफई, म्हणजे आपलं टेफ्लॉन, येतं. १९३८ साली अमेरिकेत ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यांना ते अपघातानेच सापडलं. त्याच्या रेणूत कार्बनच्या साखळीभोवती फ्लोरीनचे अणू इतके समतोल बसलेले असतात की धन-ऋण टोकं एकमेकांना रद्द करतात. क्षेत्रामागे वळण्यासारखं काही उरतच नाही. मोटारींच्या रडारसाठी बरंच वापरलं जाणारं रॉजर्स कंपनीचं आरओ३००३ हे लॅमिनेट (ज्यावर तांबं चढवून बोर्ड बनवतात तो पत्रा) म्हणजे सिरॅमिकची भुकटी भरलेलं पीटीएफई. त्याचा लॉस टॅन्जेंट ०.००१. वरचाच हिशेब केला तर ७७ गिगाहर्ट्झला सेंटिमीटरमागे ०.१२ डेसिबल. मात्र हे ०.००१ माहितीपत्रकात १० गिगाहर्ट्झला मोजलेलं म्हणून छापलेलं असतं आणि लोक ते बिनदिक्कत ७७ला वापरतात. माझ्या हिशेबात मीही तेच केलं आहे. अंदाजापुरतं चालतं, पण अंतिम आराखड्यासाठी त्या वारंवारतेलाच मोजलेलं बरं.

आता पदार्थ इतका चांगला निवडल्यावर शक्ती जाते कुठे? तांब्यात. बोर्ड पातळ असेल (०.१२७ मिलिमीटर ही या कामातली नेहमीची जाडी) तर मोठा वाटा तांब्याचाच असतो.

वारंवारता वाढते तसा प्रवाह धातूच्या पृष्ठभागाकडे सरकतो. १ गिगाहर्ट्झला तो तांब्याच्या वरच्या सुमारे २ मायक्रॉनमध्ये (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा) एकवटलेला असतो, ७७ गिगाहर्ट्झला पाव मायक्रॉनहूनही कमी थरात. आणि बोर्डावरचं तांबं गुळगुळीत नसतं. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची खालची बाजू पाहिली की दाणेदार गोळ्यांचे ढीगच्या ढीग दिसतात. नेहमीच्या पत्र्याचा खडबडीतपणा दोन-तीन मायक्रॉन, म्हणजे प्रवाहाच्या थराच्या दहापट. अशा वेळी प्रवाह घाटातल्या वळणांवरून जाणाऱ्या एसटीसारखा लांबचा पल्ला मारतो, असं समजावण्याची पद्धत आहे. कल्पनेला ते ठीक, पण अपुरं. बरीच वर्षं वापरात असलेलं हॅमरस्टॅड यांचं सूत्र खडबडीतपणामुळे नुकसान फार तर दुप्पट होईल असं सांगतं, प्रत्यक्षात ते त्याच्याही पुढे जाताना दिसतं. नंतर पॉल ह्युरे यांनी गोळ्यांचे ढीग गोळे म्हणूनच गणितात घेतले, तेव्हा मोजमापांशी मेळ बराच सुधारला.

मग तांबं गुळगुळीत का करत नाहीत? कारण ते खडबडीत मुद्दाम केलेलं असतं. ते दाणे लॅमिनेटमध्ये रुतले की पत्रा घट्ट बसतो. नाहीतर सुटे भाग सोल्डरने जोडताना किंवा गरम-गार होताना तांब्याच्या पट्ट्या सुटून येतील. त्यातून पीटीएफई म्हणजे ज्याला काही चिकटतच नाही, म्हणून तव्यावर लावतात तो पदार्थ! म्हणजे जिथे गुळगुळीतपणाची सगळ्यात जास्त गरज, तिथेच पकड सगळ्यात अवघड. शिवाय बोर्डावरच्या मायक्रोस्ट्रिपमध्ये, म्हणजे लहर वाहून नेणाऱ्या तांब्याच्या पट्टीत, प्रवाह मुख्यतः तिच्या खालच्या, लॅमिनेटला चिकटलेल्या अंगाला वाहतो, म्हणजे नेमका दाणेदार बाजूने. लाटून गुळगुळीत केलेला पत्रा मिळतो, त्याचा खडबडीतपणा अर्ध्या मायक्रॉनच्या आत असतो. महाग पडतो, पकड थोडी कमी मिळते, तरी रडारवाले तो घेतात.

सोन्याचीही गंमत आहे. तांबं काळवंडू नये म्हणून बोर्डावर सोन्याचा मुलामा देतात, पण त्याखाली काही मायक्रॉन निकेल असतं. सोन्याचा थर मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही पातळ, त्यामुळे पट्टीच्या कडांना गोळा झालेला प्रवाह निकेलमध्ये शिरतो. निकेलचा विशिष्ट रोध तांब्याच्या चौपट, आणि या मुलाम्यातल्या फॉस्फरसमिश्रित निकेलचा त्याहूनही जास्त. दिसायला भारी असलेला हा बोर्ड ७७ गिगाहर्ट्झला साध्या चांदीच्या मुलाम्याच्या बोर्डापेक्षा वाईट ठरू शकतो. सोल्डर मास्क, म्हणजे बोर्डावरचा हिरवा लेपही ऊर्जा खातो, म्हणून अँटेनाच्या भागावरून तो काढून टाकतात.

अख्खा बोर्ड पीटीएफईचा केला तर खर्च झेपत नाही. त्यामुळे लहर जिथून जाते तो सगळ्यात वरचा थर तेवढा भारीचा आणि खाली वीजपुरवठ्याचे वगैरे थर साध्या एफआर-४चे, असा मिश्र बोर्ड बनवतात. चिप अँटेनाला खेटून ठेवतात. अलीकडे आणखी एक वाट धरली जाते: लहर बोर्डावर येऊच द्यायची नाही. चिपमधून निघालेली लहर सरळ पोकळ नळीत, म्हणजे वेव्हगाइडमध्ये सोडायची. हवा जवळजवळ काहीच खात नाही. जगदीशचंद्र बोस यांनी १८९०च्या दशकात कोलकात्यात मिलिमीटर लहरींवर प्रयोग केले, तेव्हा पोकळ धातूच्या नळ्या आणि कर्णेच वापरले होते. आता त्या नळ्या साच्यात प्लॅस्टिक ओतून बनवतात आणि त्यांवर धातूचा मुलामा देतात. तो मुलामाही पुरेसा गुळगुळीत आणि घट्ट बसायला लागतोच.