क्रुगरच्या सफारीला दोघांनी जायचंय? आधी दोघांचे पासपोर्ट शेजारी-शेजारी उघडून ठेवा

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात जायचं ठरलं की बहुतेक जोडपी आधी विमानाची तिकिटं बघायला लागतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की तिकिटं थोडी थांबू द्या. दोघांचे पासपोर्ट, पॅन कार्ड आणि बँकेचं पासबुक टेबलावर मांडा आणि नावं अक्षर-अक्षर वाचा. जोडप्याचा अर्ज पैशांपेक्षा नावांवरून जास्त अडतो.

आपल्याकडे तर हे फारच होतं. माझ्या मावशीच्या पासपोर्टवर माहेरचं नाव, पॅन कार्डावर सासरचं आणि बँकेत नाव माहेरचं पण आडनाव सासरचं. काकांच्या विमा पॉलिसीत तर पत्नी म्हणून लग्नात ताम्हनातल्या तांदळांवर लिहिलेलं नाव लागलेलं. अर्ज तपासणाऱ्या माणसाला या कागदांवर तीन वेगळ्या बायका दिसतात. हे तिन्ही धागे एकत्र बांधणारा कागद म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला, आणि १९८८ साली लग्न झालेल्या या दोघांनी तो कधी काढलेलाच नव्हता.

तुमच्याकडेही नसेल तर तिथूनच सुरुवात करा. लग्न कितीही जुनं असलं तरी नोंदणी होते. महाराष्ट्रात ती १९९८ च्या कायद्याखाली, शहरात महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात आणि गावात ग्रामपंचायतीत होते. त्यासाठी विवाह नोंदणीचं ज्ञापन भरायचं, सोबत दोघांच्या वयाचे नि पत्त्याचे पुरावे, लग्नपत्रिका, लग्नातला एखादा फोटो आणि ओळखपत्रासह ३ साक्षीदार. लग्नाला ९० दिवसांहून जास्त काळ लोटला असेल तर थोडं विलंब शुल्क पडतं. मावशीची पत्रिका सापडली ती देवघराच्या खणात, कोपऱ्याला अजून हळद लागलेली. साक्षीदार म्हणून काकांचे दोन मित्र आणि आमची आई. जिने चढून तिघंही आले, सह्या झाल्या, आणि इतक्या वर्षांनी हातात दाखला पडला. दाखल्यावरचं नाव मात्र पासपोर्टशी जुळतं ना, हे तिथल्या खिडकीवरच तपासून घ्या. नंतरची दुरुस्ती म्हणजे पुन्हा सगळी पायपीट.

आता व्हिसा. भारतीय पासपोर्टवर दक्षिण आफ्रिकेसाठी प्रवासाआधी व्हिसा घ्यावा लागतो. मुंबई-पुण्याकडच्यांनी व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात वेळ ठरवून अर्ज द्यायचा. नवरा-बायको एकत्र गेले तरी अर्ज प्रत्येकाचा स्वतंत्र. फॉर्मचं नाव डीएचए-८४. तो काळ्या शाईने, मोठ्या अक्षरांत, खाडाखोड न करता भरायचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान ३० दिवस वैध हवा आणि त्यात किमान २ पानं कोरी हवीत. सोबत फोटो, प्रवासाचा हेतू सांगणारं पत्र, दिवसवार कार्यक्रम, राहण्याच्या आणि विमानाच्या आरक्षणाची प्रत, बँकेचा गेल्या ३ महिन्यांचा शिक्क्यासह उतारा, आयकर विवरणपत्रं आणि नोकरी असेल तर कार्यालयाचं रजा मंजुरीचं पत्र. निवृत्तांनी पेन्शनचा कागद जोडावा.

पत्नी किंवा पती कमावत नसेल तर घाबरायचं कारण नाही. जो खर्च करणार आहे त्याने तसं सहीचं पत्र द्यायचं, आपले बँकेचे कागद जोडीदाराच्या अर्जालाही लावायचे आणि वर विवाहाचा दाखला ठेवायचा. एकाच संचावर भागेल असं समजू नका, दोन्ही अर्ज आपापल्या जागी पूर्ण दिसले पाहिजेत. लग्न न झालेल्या जोडीदारांनी आपापल्या उत्पन्नाचे कागद लावून अर्ज करणं सरळ. आणि गटासोबत जाणार असाल तर टूर कंपनीला आधी विचारा. भारत आणि चीनमधल्या पर्यटक गटांसाठी दक्षिण आफ्रिकेने २०२५ पासून मान्यताप्राप्त कंपन्यांमार्फत अर्ज घेण्याची वेगळी योजना सुरू केली आहे.

किती वेळा प्रवेश हवा, हा फॉर्ममधला छोटा प्रश्न नीट वाचा. क्रुगरहून झांबिया-झिंबाब्वेच्या सीमेवरच्या व्हिक्टोरिया धबधब्याला किंवा शेजारच्या एस्वातिनी (पूर्वीचं स्वाझीलँड) या देशाला जाऊन पुन्हा जोहान्सबर्गला येणार असाल, तर ते देशाबाहेर जाऊन परत येणं आहे. अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा आणि दिवसवार कार्यक्रमात ते स्पष्ट लिहा. शेजारच्या देशाच्या व्हिसाचे नियम वेगळे, ते त्या-त्या देशाचे बघायचे.

पीतज्वराच्या (यलो फीवरच्या) लसीचं काय, हे सगळं तुमचा विमानमार्ग ठरवतो. भारतातून थेट गेलेल्याला दक्षिण आफ्रिका ही लस मागत नाही. पण स्वस्त तिकीट अनेकदा नैरोबी किंवा अदिस अबाबावरून असतं, आणि केनिया-इथिओपिया पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहेत. तिथल्या विमानतळावर १२ तासांहून जास्त थांबलात किंवा बाहेर पडलात तर दक्षिण आफ्रिकेत शिरताना लसीचं कार्ड दाखवावं लागतं. परत येताना भारताचाही नियम कडक आहे, कार्ड नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस नेमून दिलेल्या केंद्रांवरच मिळते, कार्ड टोचल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य होतं आणि मग आयुष्यभर चालतं. साठीपुढच्यांनी आणि अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ती घेऊ नये. आई-बाबांच्या वयाच्या जोडप्याला मी तरी दुबई किंवा दोहामार्गे जा असंच सांगेन, चार पैसे जास्त गेले तरी. क्रुगर हा मलेरियाचा भाग आहे, त्याच्या गोळ्यांचंही डॉक्टरांना विचारून घ्या.

जाण्याचा काळ मे ते सप्टेंबर चांगला. तिकडे तेव्हा कोरडा हिवाळा असतो, गवत बसलेलं असतं आणि जनावरं पाणवठ्यावर येतात. या दिवसांत उद्यानातले मुक्काम लवकर भरतात. स्कुकुझा, लोअर साबी, सतारा हे कॅम्प सॅनपार्क्स या सरकारी संस्थेचे, आरक्षण त्यांच्या संकेतस्थळावर. व्हिसासाठी मुक्कामाचा पुरावा लागतोच, म्हणून हे आरक्षण आधी करा, पण रद्द करण्याच्या अटी वाचून. राहण्याच्या भाड्याशिवाय प्रत्येक माणशी, प्रत्येक दिवसाचं संवर्धन शुल्क असतं आणि परदेशी पाहुण्यांना त्याचा दर जास्त. मुक्काम लांबचा असेल तर या रोजच्या शुल्काऐवजी वर्षभर चालणारं ‘वाइल्ड कार्ड’ परवडतं का, हे बेरीज करून बघा. त्यात दोघांसाठी म्हणून वेगळा प्रकार आहे.

ताडोबासारखी जिप्सीची सक्ती इथे नाही, स्वतःची किंवा भाड्याची गाडी चालवता येते. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने. फोटो असलेला इंग्रजीतला परवाना चालतो, तरी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. तो परिवहनच्या संकेतस्थळावरून मागता येतो. भाड्याच्या गाडीला बहुधा चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. दोघंही चालवणार असाल तर दोघांची नावं करारात घाला. उद्यानात डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्यावर ४० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि ठरवून दिलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही. गेटवर पासपोर्ट, परवाना आणि आरक्षणाची छापील प्रत दाखवली की प्रवेशाचा कागद मिळतो. तो गाडीतच जपून ठेवा, बाहेर पडताना पुन्हा मागतात.