इंजिनाने हवा धरली

अमळनेरकडे आमच्या विहिरीवर मिनिटाला साडेसहाशे फेऱ्यांचं ऑइल इंजिन होतं. एकच सिलिंडर, दोन अंगांना दोन जड चाकं, आणि पट्ट्याने जोडलेला पंप. रात्री टाकीतलं डिझेल पार संपून ते बंद पडलं, की सकाळी टाकी भरली तरी चालू होत नसे. हॅण्डल मारून मारून दंड भरून यायचे. मग शेजारच्या मळ्यातले नाना यायचे, सावकाश हॅण्डल फिरवत कान द्यायचे आणि म्हणायचे, "इंजिननी हवा धरेल शे."

नाना ऐकत काय होते? डिझेल इंजिनाला ठिणगी पाडणारा प्लग नसतो. पिस्टन सिलिंडरमधली हवा सोळा-सतरा पट दाबतो, आणि दाबलेली हवा 500 अंशांच्या आसपास तापते. त्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा सुटला की तो आपसूक पेटतो. फवारा सुटताना नोझल करकरतं. तो आवाज नानांना येत नसे.

नोझलची सुई जबर स्प्रिंगने दाबून धरलेली असते. ती उचलायला वातावरणाच्या शंभराहून जास्त पट दाब लागतो. डिझेल दाबून जवळपास आकसत नाही, म्हणून इंजिनावरच्या छोट्या डिझेल-पंपाचा धक्का थेट सुईपर्यंत पोचतो. नळीत हवेचा बुडबुडा असला तर तो धक्का तोच गिळतो. दाबला जातो, पुन्हा फुगतो, सुई जागची हलत नाही. म्हणून आधी डिझेलच्या फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा. फेस येत राहतो; तो थांबून सलग धार लागली की आवळायचा. मग तेच डिझेल-पंपापाशी, शेवटी नोझलच्या नळीच्या नटापाशी. सुटा नोझल तपासताना मात्र फवाऱ्यासमोर बोट धरू नये, तो कातडीत घुसतो.

नोझल करकरतंय तरी इंजिन पेटत नाही, तर हवा पुरेशी तापत नाही. पौष-माघाच्या पहाटे हा त्रास ठरलेला. सिलिंडर गार, हॅण्डल हळू. दाबलेल्या हवेची ऊब लोखंडच पिऊन टाकतं. पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांमधून किंवा नीट न बसणाऱ्या व्हॉल्व्हमधून हवा निसटत असेल तर आणखीच अवघड. उपाय सगळे उबेचे आणि वेगाचे: सिलिंडरच्या हेडमधल्या पाण्याच्या पोकळीत गरम पाणी घालायचं, डीकॉम्प्रेशनचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा धरून हवा दाबू न देणारा, खटका उचलून चाकांना भरपूर वेग द्यायचा आणि मगच खटका सोडायचा. हॅण्डल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. उलटा झटका बसला तर मूठ सुटली पाहिजे, मनगट नव्हे.

मे महिन्यात तक्रार वेगळी. 45 अंशांची हवा 15 अंशांच्या हवेपेक्षा साधारण दहा टक्के विरळ असते. त्यात एअर फिल्टर धुळीने भरलेला. डिझेल तेवढंच, हवा कमी, म्हणून धूर काळा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे डिझेल न पेटताच बाहेर येतंय.

थंड ठेवायला विहिरीचंच पाणी फिरवलेलं असे. जड पाण्यातल्या क्षारांचा थर आत बसला की पाणी वाहत असूनही सिलिंडर तापतो. नाना बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली हात धरत. कोमट हवं, चटका नको, आणि अगदी गारही नको.

जाता जाता एक गंमत: 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. भुईमुगाच्या खान्देशात ही गोष्ट पोरांना सांगितली तर खोटी वाटते.

चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो. 650 फेऱ्यांना मिनिटाला 325 ठोके. मधल्या काळात चाकांत साठलेला जोर गाडा ओढतो. रात्री घरात झोपूनही वडिलांना ते ठोके ऐकू येत. विहीर उपसून पंपाला पाणी मिळेनासं झालं की इंजिनावरचा भार उतरे, फेऱ्या वाढू लागत, वेग आवरणाऱ्या गव्हर्नरची वजनं बाहेर फाकत आणि डिझेल कमी करत. जड ठोका एकदम हलका होई. वडील काही न बोलता उठत आणि कंदील घेऊन विहिरीकडे निघत.