तागडीपासून ओट्यावरच्या काट्यापर्यंत

कोल्हापुरात उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायची म्हटली की सगळं प्रमाण मिरचीच्या किलोवर ठरतं. रोजचा स्वयंपाक मात्र वजनावर कधी चालला नाही. घरात मापं होती. दोन निळव्यांचं कोळवं, मग दुपटीदुपटीने चिपटं, मापटं, शेर आणि चार शेरांची पायली. तोलणं हे बाजाराचं काम. शाहू महाराजांच्या काळात 1895 साली वसलेल्या शाहूपुरीत गूळ तोलला जायचा, गुजरीत सोनं. घरातला तबकडीचा काटा याच बाजाराचा वारस आहे.

तागडीला दांडी, दांडीच्या मधोमध काटा आणि दोरीने किंवा साखळीने टांगलेली दोन पारडी. रिकामी असताना दांडी एका बाजूला कलत असेल, तर हलक्या पारड्याला पासंग बांधायचा. आजच्या काट्यावर हेच काम शून्य जुळवायचा स्क्रू करतो. ताटली जागेवर बसवल्याशिवाय तो फिरवू नये, कारण ताटलीचं वजनही त्यातच वजा होतं.

पारडं दांडीखालून वर आलं ते रोबेरव्हाल या फ्रेंच गणितज्ञामुळे. 1669 मध्ये त्याने समांतर दांड्यांची अशी जोडणी दाखवली, की पारडं वर-खाली होतानाही आडवंच राहतं आणि वस्तू मधोमध ठेवा नाहीतर कडेला, तोल बदलत नाही. घरच्या काट्याची ताटली आतून बहुधा अशाच जोडणीवर उभी असते.

स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हुकने 1678 मध्ये छापला: जेवढा भार, तेवढा ताण. म्हणून तबकडीवरच्या रेघा सारख्या अंतरावर असतात. ताटली खाली गेली की दात्यांची पट्टी उतरते, ती छोटं दातेरी चाक फिरवते आणि चाकाच्या आसावरचा काटा सरकतो. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या बिल्स्टन गावी सॉल्टर घराण्याने स्प्रिंगचे काटे बनवायला सुरुवात केली. स्प्रिंगचा दोष एकच, पण मोठा: सतत भार राहिला तर ती सैलावते. काट्यावर डबे रचून ठेवणाऱ्यांना हे कळकळीने सांगावंसं वाटतं.

आपल्याकडे 1956 च्या कायद्याने मेट्रिक वजनं आली आणि 1958 च्या ऑक्टोबरपासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. शेर, छटाक गेले. तोळा मात्र मसाल्यांच्या जुन्या याद्यांत राहिला, आणि खरी चूक इथेच होते. तो तोळा ब्रिटिश रुपयाच्या वजनाचा, म्हणजे सुमारे 11.66 ग्रॅमचा. हल्ली सराफीत तोळा म्हणजे 10 ग्रॅम. आजीच्या यादीतले तोळे आजच्या हिशेबाने घेतले, तर लवंग-दालचिनी सुमारे सातव्या हिश्शाने कमी पडते. मिरची मात्र किलोने पुरती घेतलेली असते, मग चटणीला तो वास येत नाही.

दहा किलोच्या काट्यावर दोन रेघांमधलं अंतर सहसा 50 ग्रॅमचं असतं. मिरची, धणे, खोबरं त्यावर खुशाल तोलावं, नजर काट्याच्या समोर सरळ ठेवून. दोन तोळे लवंगा त्यावर तोलू नयेत. त्या दुकानातूनच ग्रॅममध्ये तोलून आणाव्यात: 23 ग्रॅम.