टाइल्स पाहिल्या, आता अर्थिंग पाहा

अमेरिकेत घर घेण्याआधी ग्राहक बहुधा होम इन्स्पेक्टर बोलावतो. तो खोल्यांमधून फिरत सॉकेटमध्ये तीन दिव्यांचा छोटा टेस्टर खोचतो आणि फेज (वीज आणणारी तार), न्यूट्रल (ती परत नेणारी) आणि अर्थिंग (गळालेला करंट जमिनीत नेणारी) जागच्या जागी आहे का ते पाहतो. आपल्याकडे फ्लॅटचा ताबा घेताना टाइल्स ठोकून पाहतात, नळ सोडून पाहतात. विजेचं म्हणाल तर दिवा लागला, पंखा फिरला की झालं. पण दिवा लागायला फेज आणि न्यूट्रल पुरतात. अर्थिंगची तार नसली तरी फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन सगळं बिनतक्रार चालतं, म्हणूनच ती मुद्दाम तपासावी लागते.

तीन पिनी सॉकेटकडे समोरून पाहिलं तर वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. प्लगची वरची पिन लांब असते, कारण प्लग लावताना अर्थिंग सर्वांत आधी जोडलं जावं आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावं.

वायरमन अर्थिंग टेस्ट लँपने पाहतो: एक तार फेजला, दुसरी अर्थिंगला. दिवा पेटला की अर्थिंग आहे, असं तो सांगतो. इथे एक फसवणूक दडलेली असू शकते. काही ठिकाणी अर्थिंगची तार ओढायचा कंटाळा करून सॉकेटच्या मागेच न्यूट्रल आणि अर्थिंग तारेच्या तुकड्याने जोडून टाकतात. दिवा तरीही पेटतो! पण उद्या न्यूट्रल कुठे तुटला, तर चालू फ्रिजचा पत्राच 230 व्होल्टवर येतो. मला हा प्रकार अक्षम्य वाटतो. तो पकडायची खूण अशी की, घरात आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की सप्लाय तोडणारा स्विच) असेल आणि अर्थिंग खरं असेल, तर टेस्ट लँप लावताक्षणी आरसीसीबी पडतो. दिवा शांतपणे पेटत राहिला, तर सॉकेट उघडायला लावा. ही तपासणी मात्र परवानाधारक वायरमननेच करायची.

आरसीसीबी आणि एमसीबी यांत लोक नेहमी गल्लत करतात. एमसीबी, म्हणजे करंट प्रमाणाबाहेर वाढला की पडणारा स्विच, वायरिंगला वाचवतो, माणसाला नाही. ओल्या अंगाचा रोध साधारण 1000 ओहम धरला, तर 230 व्होल्टला शरीरातून 230 मिलिअँपिअर जातात. 16 अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. आरसीसीबीमध्ये फेज आणि न्यूट्रल एकाच गोल गाभ्यातून जातात. गेलेला करंट तेवढाच परत आला तर दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना रद्द करतात. थोडा करंट माणसातून जमिनीत गेला की हिशेब चुकतो आणि सप्लाय तुटतो. घरासाठी 30 मिलिअँपिअरचा घ्यावा. 150 मिलिअँपिअर किंवा जास्त गळतीला तो 40 मिलिसेकंदांत तुटायला हवा. हृदयाचा एक ठोका साधारण 800 मिलिसेकंदांचा.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचे चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून किती करंटला हात तारेवरून सुटत नाही ते मोजलं: पुरुषांत सरासरी सुमारे 16 मिलिअँपिअर. त्यामुळेच अमेरिकेतली घरगुती संरक्षक यंत्रणा आणखी कडक, सुमारे 5 मिलिअँपिअरची असते.

आरसीसीबीवरचं ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबावं. पण ते बटण आतल्या आतच गळती निर्माण करतं, त्यामुळे अर्थिंग नसलं तरी आरसीसीबी पडतो. अर्थिंगचा तो पुरावा नव्हे. आणि एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल आला व जमिनीशी संपर्क नसला, तर आरसीसीबीलाही काही कळत नाही.

स्विच नेहमी फेजवर हवा. न्यूट्रलवर असला तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज जिवंत राहतो आणि बल्ब बदलताना झटका बसतो. बंद केलेला एलईडी रात्री मिणमिणत असेल तर त्याचं एक कारण हेच असतं.

दोन किलोवॉटचा गिझर जवळपास 9 अँपिअर ओढतो, म्हणजे त्याला 16 अँपिअरचाच पॉइंट. स्विच बाथरूमच्या बाहेर.

पॉइंट किती हवेत? अमेरिकन नियमानुसार खोलीच्या भिंतीलगत कुठेही उभं राहिलं तरी सॉकेट 6 फुटांच्या आत हवं, कारण टेबललँपची वायर साधारण तेवढीच असते आणि जमिनीवरून एक्स्टेन्शन ओढावं लागू नये. तुमचं प्लास्टर अजून झालं नसेल तर खडूने भिंतीवर खुणा करून द्या: पलंगाच्या दोन्ही बाजूंना, ओट्यावर मिक्सरजवळ, राउटरसाठी दाराशी.