फिश की फिशेस?

किनाऱ्यावरच्या होमस्टेच्या पाटीवर 'फ्रेश फिशेस अव्हेलेबल' आणि शाळेच्या वहीत 'फिशेस'वर लाल रेघ, कारण म्हणे असा शब्दच नाही. दोन्ही चूक, आणि दोन्हींचं मूळ एकच.

माउस-माइस, गूस-गीस, ऑक्स-ऑक्सन हे पाठच असतं. शीप आणि डिअर अनेकवचनात बदलत नाहीत. तिथे अडण्यासारखं काही नाही.

अडतं ते फिशपाशी. नग मोजायचे असतील तर फिश, जाती मोजायच्या असतील तर फिशेस. रापणीत सापडलेले पन्नास बांगडे म्हणजे 'फिफ्टी फिश'. मराठीत मासाचं मासे होतं, त्यामुळे हात आपसूक 'एस'कडे जातो. इंग्रजीत तो फरक क्रियापद दाखवतं: 'द फिश इज' म्हटलं की एक, 'द फिश आर' म्हटलं की अनेक. सुरमई, पापलेट, तारली, मोरी अशा जातींबद्दल बोलायचं असेल तेव्हा 'द फिशेस ऑफ द अरेबियन सी'. फ्रान्सिस डे यांच्या १८७५ ते १८७८ दरम्यान निघालेल्या ग्रंथाचं नाव 'द फिशेस ऑफ इंडिया' आहे ते याच हिशेबाने.

खरी मेख पुढे आहे. टोपलीत पाच जातींचे मासे मिसळलेले असले, तरी तुम्ही नग मोजत असाल तर फिशच. आणि 'काइंड्स ऑफ' लिहिलंत की जातींचं काम त्यानेच केलं, मग 'फाइव्ह काइंड्स ऑफ फिश' पुरे. तिथे पुन्हा फिशेस लिहिणं म्हणजे सोलकढीत वर लिंबू पिळणं. ताटातल्या माशाला तर अनेकवचनच नाही: तुकडे चार वाढा नाहीतर दहा, खाल्लं ते फिश. म्हणून पाटीवर 'फ्रेश फिश' एवढंच हवं.

१६११च्या इंग्रजी बायबलमध्ये पाच भाकरींसोबत 'टू फिशेस' आहेत, ते मात्र दोन नगच. तेव्हा फिशेस हे साधं अनेकवचन म्हणून चालत होतं. ते वाचून वाढलेल्या आजीला कुणी चूक ठरवू नये. परीक्षेत मात्र आजचा नियम पाळावा.

बाकी सोपं. क्रॅब, प्रॉन, ऑयस्टर यांना सरळ 'एस' लावा. श्रिम्पला लावला काय, न लावला काय, दोन्ही चालतं.

'ऑक्टोपाय' मात्र बघवत नाही. शब्द मुळात ग्रीक, त्याला लॅटिनची शेपटी कशाला? ऑक्टोपसेस म्हणा. आणि गूसचं गीस होतं म्हणून मंगूसचं 'मंगीस' करणाऱ्या मराठी माणसाला तर माफीच नाही. तो शब्द इंग्रजीत गेलाय आपल्या मुंगसावरून, बदकाच्या त्या भाऊबंदाशी त्याचं काडीचं नातं नाही. अनेकवचन मंगूसेस.