अक्षरं उलटी दिसत नाहीत हो!

‘डिस्लेक्सिया म्हणजे पोराला अक्षरं उलटी दिसतात, चष्मा लावला की सुटेल.’ पंचवटीतल्या आमच्या गल्लीत हे इतक्यांदा ऐकलंय की आता खुलासा करूनच टाकते. दोष डोळ्यांचा नसतोच. अडतं ते अक्षर आणि त्याचा उच्चार यांची सांगड घालताना. शेजारचा चौथीतला मुलगा ‘गोदावरी’ वाचताना ‘गो... गोद...’ करत थांबतो, ‘प्रश्न’सारखं जोडाक्षर आलं की त्याला घामच फुटतो. त्यालाच रामकुंडावर काय काय पाहिलं ते तोंडी विचारा, थांबणार नाही! आणि ३ चा ६ म्हणाल, तर तो पहिलीतली बरीच मुलं करतात.

‘आळशी’, ‘मठ्ठ’ हे शिक्के तर निव्वळ अन्याय. याचा बुद्धीशी संबंध नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सिया ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ या गटात येतो. प्रमाणपत्र काढलं की दहावी-बारावीला जादा वेळ, गरजेप्रमाणे लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. चष्म्याच्या दुकानात नव्हे, तपासणीसाठी जा. शब्दातले आवाज सुटे करून, रोज थोडं थोडं शिकवलं की वाचन सुधारतं. तोवर गुरुजी, त्याला भर वर्गात मोठ्यानं वाचायला उभं करू नका.