गादी, ओल आणि खिडकी : घरातल्या अ‍ॅलर्जीची पार्श्वभूमी

सकाळी अंथरूण आवरताना माझ्या मुलीला ओळीने आठ-दहा शिंका येतात. मग दिवसभर ती बरी असते. जुलै-ऑगस्टमध्ये शिंका वाढतात, कपाटातल्या चादरींना कुबट वास येतो आणि पलंगामागच्या भिंतीवर काळपट ठिपके उमटतात. मुंबईत हे घरोघरी चालू असतं. डॉक्टर ‘डस्ट अ‍ॅलर्जी’ म्हणतात, आजी ‘हवा बाधली’ म्हणते. या दोन्ही शब्दांमागे मोठा इतिहास आहे आणि त्यातला बराचसा याच शहरात घडला.

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. कोंदट, कुजकी हवाच रोग पसरवते, असं तेव्हा बहुतेक अधिकाऱ्यांना वाटत होतं. त्यामुळे प्लेगच्या घरांवरची कौलं उतरवली गेली, भिंतींना भोकं पाडली गेली, चुना फासला गेला. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यूएचएच’ ही इंग्रजी अक्षरं रंगवली गेली. लोकांचे त्यात अतोनात हाल झाले. पुढे 1898 मध्ये पॉल-लुई सिमों यांनी कराचीत प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे दाखवलं, म्हणजे वाऱ्यावर घेतलेला संशय चुकीचा होता. पण त्या धांदलीत कुणीतरी चाळींच्या आतल्या खोल्यांत कंदील घेऊन शिरलं आणि भरदुपारी तिथे काळोख असतो हे कागदावर आलं. प्लेगसाठी तो काळोख कारण नसेल. क्षयाला आणि दम्याला मात्र तो पोषक होता.

1898 मध्येच मुंबई सुधार ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले गेले, त्यासाठी हजारो माणसांची घरंही मोडली गेली. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी घरातल्या उजेड-वाऱ्याचा प्रश्न लावून धरला आणि साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम पुढे आणला. समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून तुमच्या भिंतीच्या पायथ्यापर्यंत एक रेषा कल्पा. ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त उभी होता कामा नये. गणित सोपं आहे : इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मी जागा समोर मोकळी हवी. दादर-माटुंग्याच्या जुन्या वसाहतींतून आजही चाललं की अंगाला वारा लागतो. तो योगायोगाने लागत नाही.

इकडे घरं मोकळी करण्याची धडपड चालू असताना युरोपात वेगळ्याच दिशेने शोध चालला होता. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 1906 मध्ये घडवला. 1920 च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडनचे स्टॉर्म फान लेउवेन दम्याच्या रुग्णांवर काम करत होते. हे रुग्ण उंच, कोरड्या डोंगराळ भागात गेले की सुधारतात आणि दमट घरी परतले की पुन्हा धापा टाकतात, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी बाहेरची स्वच्छ हवा उंचावरून आत घेणारी खास खोली बांधली. तिथेही रुग्णांना आराम पडे. घरातल्या हवेत काहीतरी आहे हे कळत होतं, ते काय हे सापडत नव्हतं.

उत्तर मिळायला 1964 उजाडलं. त्याच लायडनमध्ये राइंडर्ट फोरहोर्स्ट, फ्रिट्स स्पीक्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरातल्या धुळीत एक माइट, म्हणजे कोळ्याच्या कुळातला सूक्ष्म जीव, शोधला. ओलसर घरांतली धूळ जास्त त्रास का देते, याचा उलगडा त्यात झाला. (झुरळांच्या अ‍ॅलर्जीवरचं अमेरिकेतलं महत्त्वाचं काम याच वर्षीचं. आपल्या स्वयंपाकघरांसाठी तेही तितकंच मोलाचं आहे.)

हा माइट मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, नुसत्या डोळ्यांना जवळपास न दिसणारा. तो चावत नाही. आपल्या अंगावरून झडलेल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतो, म्हणून गादी आणि उशी हे त्याचं घर. तो पाणी पीत नाही. पायांच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींतून हवेतली वाफच शोषतो. हवेची सापेक्ष आर्द्रता बराच काळ 50 टक्क्यांच्या खाली राहिली तर तो सुकून मरतो. त्रास देते ती त्याची विष्ठा. तिच्या बारीक गोळ्यांत पचनाचं एक एन्झाइम असतं, तेच नाकाच्या अस्तराला छळतं. या गोळ्या जड असल्यामुळे हवेत फार वेळ तरंगत नाहीत, खाली बसतात. गादी झटकली, चादर ओढली की पुन्हा उठतात. मुलीच्या शिंका नेमक्या अंथरूण आवरतानाच का, ते मला हे वाचल्यावर समजलं.

हे समजल्यावर मला आईचं वेळापत्रक आठवलं. एप्रिल-मेमध्ये गाद्या गच्चीत पडायच्या, दुपारी उलटायच्या आणि संध्याकाळी काठीने बडवून आत यायच्या. देशावर घटस्थापनेच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर जात, खडकांवर वाळत. म्हणजे पावसाच्या चार महिन्यांत अंथरुणात जी काही वस्ती वाढली असेल, ती ऑक्टोबरच्या कडक उन्हात मोडली जाई. दर दोन-तीन वर्षांनी पिंजारी दारात यायचा. गादीची उसवलेली खोळ, अंगणभर कापसाचा ढीग, धनुकलीच्या तारेचा तो टण्ण टण्ण आवाज आणि उडणारी धूळ. पोरांना घरात कोंडलं जायचं, ‘खोकला लागेल’ म्हणून. माइटचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, पण गादी उघडावी लागते, ती उन्हाला द्यावी लागते हे पक्कं माहीत होतं. ऊन माइट मारतं, बडवणं आणि धुणं त्याची घाण काढतं; दोन्ही लागतात. आजची फोमची गादी दहा वर्षं कुणी उघडत नाही.

युरोपात 1973 च्या तेलटंचाईनंतर इंधन वाचवायला घरांच्या फटी बुजवल्या गेल्या. आतली ओल आतच राहू लागली. डेन्मार्कच्या संशोधकांनी 1980 च्या दशकात दाखवलं की हिवाळ्यात घरातल्या दर किलो हवेत 7 ग्रॅमपेक्षा कमी वाफ ठेवली तर माइट तग धरत नाहीत, आणि त्यासाठी बाहेरची थंड, कोरडी हवा आत घेणं पुरेसं आहे. हा सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा सांगितला जातो, तेव्हा मला काळजी वाटते. मुंबईत जुलैमध्ये बाहेरच्याच दर किलो हवेत 20 ग्रॅमच्या आसपास वाफ असते. तेव्हा खिडकी उघडून गादी कोरडी होणार नाही. पण खिडकी उघडी ठेवली नाही तर भाताची वाफ, न्हाणीघराची ओल आणि दोरीवरच्या ओल्या कपड्यांचं पाणी हे सगळं त्यात भर घालतं, आणि भिंतीवर बुरशी धरते. पावसात खिडकीचं काम एवढंच, भर पडू न देणं. वाळवण्याचं काम कोरड्या महिन्यांचं. पुण्या-नाशकाकडे एप्रिलच्या दुपारी आर्द्रता 20 टक्क्यांपर्यंत खाली येते. तिथे तर निसर्गच औषध देतो.

आणि नेमकी ती खिडकीच गेली. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने शुल्क भरून बाल्कनी बंद करून घ्यायला वाट दिली. घरं लहान असल्यामुळे लोकांनी ती घेतली, त्यांना दोष देता येत नाही. जुन्या लाकडी खिडकीची वरची दारं उघडी, खालची बंद अशी सोय होती, दारावर व्हेंटिलेटर होता. अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी कितीही मोठी असो, उघडते निम्मीच. राष्ट्रीय इमारत संहिता दमट-उष्ण प्रदेशात जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक-षष्ठांश उघडीप मागते. 120 चौरस फुटांच्या खोलीला 20 चौरस फूट. आमच्या झोपायच्या खोलीची खिडकी 20 चौरस फूट आहे, वारा येतो 10 मधून. त्यात रात्री स्प्लिट एसी चालतो, जो खोलीतलीच हवा फिरवत राहतो. एसीने ओल थोडी कमी होते हे खरं, पण बाहेरची ताजी हवा तो आणत नाही.

सगळ्यात वाईट अवस्था पुनर्वसनाच्या इमारतींची आहे. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये सात-आठ मजली इमारतींत जेमतेम 3 मीटरचं अंतर सोडलं आहे. ऑर यांच्या कोनाने मोजलं तर 10 मीटरहून जास्त लागलं असतं. 2018 मध्ये पुढे आलेल्या पाहणीत अशा वसाहतींमधला उजेड-वाऱ्याचा अभाव आणि क्षयरोग यांचा संबंध दिसला. मधल्या चिंचोळ्या जागेत कचरा पडतो, त्याच्या वासाने खालच्या मजल्यांवर खिडक्या बंदच असतात. जी माणसं झोपडपट्टीतून ‘पक्क्या घरात’ आली, त्यांच्या वाट्याला 1896 सालचा काळोख पुन्हा यावा, हे मला सहन होत नाही.

आमच्या घरी मुलीच्या उशीची खोळ आणि चादर दर आठवड्याला 60 अंशांच्या पाण्यात धुतली जाते. उशी-गादीला बारीक विणीचं वेष्टन घातलंय, आणि अंथरूण आवरताना आता ती खोलीत नसते. शिंका निम्म्याने कमी झाल्या आहेत. गादीला ऊन दाखवायचं राहिलंय. बाल्कनी बंद आहे, आणि सोसायटीच्या गच्चीला कुलूप असतं. किल्लीसाठी सेक्रेटरींना अर्ज दिलाय, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारचा.